टाकी, काटा आणि माप

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, गाडीच्या टाकीशी बाईमाणसाचं काय काम? ते ड्रायव्हरनं बघावं, नाहीतर घरातल्या गड्यानं. पण जरा हिशेब मांडून बघा. गटाच्या कर्जातून घेतलेला छोटा हत्ती, आठवडी बाजाराला माल न्यायला ठरवलेली पिकअप, लेकीची कॉलेजला जायची स्कूटी, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला अर्ध्या रात्री उठवलेली शेजारची जीप, या सगळ्यांच्या टाकीत जे तेल पडतं ते आपल्याच पैशाचं असतं. जिच्या पैशाचं तेल, तिला त्याचं माप कळलं पाहिजे.

गटांच्या बैठकांना आम्ही जातो तेव्हा दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला असा की गाडीच्या पुस्तकात टाकी पस्तीस लिटरची लिहिलेली असताना पंपावर अडतीस लिटर बसलंच कसं? मधले तीन लिटर कुणाच्या खिशात गेले? दुसरा प्रश्न असा की टाकी फुल्ल केल्यावर काटा कितीतरी वेळ वरच बसून राहतो आणि अर्ध्यावर आला की भराभरा खाली उतरतो. मग तेल चोरीला जातं का?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं मेकॅनिक देईल. पण ती नीट समजायची असतील, तर आपल्या आजीच्या पायलीपासून सुरुवात करावी लागते. मापाचा इतिहास हा विश्वासाचाही इतिहास आहे, आणि त्यात बायकांचा वाटा मोठा आहे.

आपला बीड जिल्हा १९४८ सालापर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळी धान्य वजनावर कमी आणि मापानं जास्त मोजलं जायचं. चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली ही नावं अजून म्हाताऱ्या बायांच्या तोंडी आहेत. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, पुढं मण आणि वीस मणांची खंडी. पण पायली म्हटली तरी कोणत्या गावची, हे विचारावं लागायचं. एका बाजारातली पायली दुसऱ्या बाजारातल्या पायलीशी जुळेलच असं नव्हतं. पैशाचंही तसंच. संस्थानात हाली सिक्का चाले आणि इंग्रजी मुलखात कलदार. सात हाली रुपये दिले की सहा कलदार मिळत. नगरच्या बाजूला व्यवहार करणाऱ्याला माप बदलून घ्यावं लागे आणि नाणंही.

आणि त्यातही खरी गोम होती ती शीगेची. पायली भरली की तिच्या तोंडावर धान्याचा जो उभार राहतो, ती शीग. पायली काठोकाठ सपाट भरायची की शीग लावून, यावर सगळा व्यवहार ठरायचा. उत्सुकता शिगेला पोचली असं आपण म्हणतो, तो शब्द याच मापातला. जुन्या बाया सांगतात, उसनी ज्वारी देताना सावकाराची पायली सपाट असायची आणि परत घेताना तिला शीग चढायची. पायली तीच, पण माप दोन. खळ्यावर पहिलं माप टाकताना ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची रीत होती, पण लाभ कुणाचा होणार ते माप धरणाऱ्याच्या हातावर होतं. ही शीग लक्षात ठेवा. पस्तीस लिटरच्या टाकीचं कोडं हिच्याचजवळ सुटणार आहे.

आता तेलाकडं येऊ. आपल्या घरात पहिल्यांदा जे खनिज तेल आलं ते दिव्यासाठी आलं. रॉक ऑइल, म्हणजे खडकातलं तेल, या इंग्रजी शब्दाचं आपल्या तोंडी रॉकेल झालं. ते पत्र्याच्या चौकोनी डब्यातून यायचं, एका डब्यात चार गॅलन. गॅलन म्हणजे इंग्रजांचं पातळ पदार्थाचं माप, आजच्या हिशेबानं साडेचार लिटरांपेक्षा किंचित जास्त. म्हणजे डबा साधारण अठरा लिटरांचा. तेल संपलं तरी डबा संपायचा नाही. त्याला लाकडी दांडी लावून पाणी आणायचं, त्यात धान्य ठेवायचं, जुना झाला की पत्रा कापून चाळण नाहीतर दिवा करायचा. गॅलन हा शब्द माहीत नसलेल्या बाईलाही गॅलनचं माप ‘डबा’ म्हणून माहीत होतं.

मोटारी आल्या त्याही याच मापानं तेल प्यायल्या. निजामाच्या रेल्वेनं १९३२ साली सत्तावीस बसगाड्यांवर रस्त्यावरची वाहतूक सुरू केली. आपल्या शेजारी, पूर्वीच्या इंग्रजी मुलखात पुणे ते नगर ही एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला धावली. बीडकरांना या रस्त्यांचं मोल दुसऱ्यांपेक्षा जास्त. परळीला रेल्वे आधीपासून होती, पण बीड शहरात नगरहून रेल्वे पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. तोवर आपली ज्वारी, कापूस, दवाखाना, बाजार, लग्नाचं वऱ्हाड आणि दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या, सगळं एसटी, ट्रक आणि ट्रॅक्टरच्या टाकीवर चाललं. रेल्वे आली म्हणून ते संपलेलंही नाही, कारण वाडीवस्तीवर रेल्वे येत नाही.

पण त्या पहिल्या मोटारींना काटाच नव्हता, हे किती जणींना माहीत आहे? अमेरिकेतल्या फोर्ड कंपनीनं १९०८ साली मॉडेल टी नावाची गाडी काढली. पुढं एकोणीस वर्षं ती लाखोंनी खपली. तिची टाकी बसायच्या सीटखाली होती. तेल किती उरलं ते बघायचं तर सीटवरच्या माणसाला उठवायचं, सीट उचलायची, टाकीचं झाकण काढायचं आणि आत खुणा केलेली लाकडी पट्टी बुडवायची. पट्टी जिथवर ओली, तिथवर तेल. त्या गाडीला तेल ढकलणारा पंपही नव्हता, तेल उतारानं इंजिनाकडं जायचं. म्हणून टाकीत तेल कमी असलं आणि मोठा चढ लागला, तर लोक गाडी उलटी फिरवून मागच्या बाजूनं चढ चढायचे.

पट्टी बुडवायची रीत ऐकून आपल्याला हसू येणार नाही, कारण आपणही तेच करत आलो. पिंपातलं रॉकेल किती उरलं ते काडी बुडवून बघायचं. कणगीतली ज्वारी किती राहिली ते कोपरापर्यंत हात घालून. आडातलं पाणी किती ते दोर किती ओला झाला त्यावरून, आणि पायविहिरीतलं पाणी किती पायऱ्या उघड्या पडल्या त्यावरून. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण अशाच मोजणाऱ्या माणसांनी केली असणार.

फोर्डनं १९२७ च्या अखेरीस पुढची गाडी आणली, मॉडेल ए. तिची टाकी चालवणाऱ्याच्या समोर, काचेच्या खालच्या बाजूला होती. टाकीत एक तरंगणारा फ्लोट होता आणि त्याच्या हालचालीनं समोरच आकडा दिसायचा. पट्टी बुडवायचं काम तिथं संपलं. सगळ्यांचं मात्र संपलं नाही. जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीची ती कासवासारखी गोल गाडी १९६० च्या सुमारापर्यंत काट्याशिवायच येत होती. तिच्यात पायाजवळ एक खटका होता. गाडी गचके द्यायला लागली की खटका फिरवायचा, म्हणजे राखीव तेल सुरू व्हायचं. आपल्याकडच्या जुन्या स्कूटर आणि मोटारसायकलींनाही असाच नळ असायचा. गाडी रिझर्व्हला लागली की वाकून नळ फिरवायचा आणि पहिला पंप गाठायचा. तो नळ एका अर्थी काट्यापेक्षा खरा होता. एवढं संपलं, एवढंच उरलं, असं तो सरळ सांगायचा. काटा सांगतो तो अंदाज.

त्याच सुमाराला आपल्या देशात मापांचा मोठा बदल झाला. १९५६ साली प्रमाणित वजनमापांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो, मीटर आणि लिटर आले, आणि १९६२ पर्यंत शेर-मण-गॅलन कायद्यानं मागं पडले. निजामाचा हाली सिक्काही १९५९ साली चलनातून गेला. विचार करा, दहा-बारा वर्षांत आपल्या आज्यांचं राज्य बदललं, नाणं बदललं आणि मापही बदललं. शाळेची पायरी न चढलेल्या बायांनी हे सगळं बोटांवर मोजून पचवलं. शेर म्हणजे किलोला थोडा कमी आणि गॅलन म्हणजे साडेचार लिटर, हे त्यांनी बाजारात उभं राहून शिकून घेतलं. पंपावर लिटर आलं तेव्हा एक मोठी गोष्ट झाली. बीडचं लिटर आणि मुंबईचं लिटर एकच झालं.

माप बदलताना शिकलेल्या माणसांचीही कशी गफलत होते, त्याचं एक उदाहरण सांगतो. कॅनडा देशानंही आपल्यामागून जुनी मापं सोडून किलो-लिटर घेतले. २३ जुलै १९८३ ला तिथल्या एअर कॅनडा कंपनीचं एक मोठं विमान माँट्रियलहून निघालं. त्याचे तेलाचे काटे बिघडलेले होते. म्हणून कर्मचाऱ्यांनी टाकीत पट्टीनं तेल मोजलं आणि कागदावर गणित केलं. विमानाला लागणार होतं बावीस हजार तीनशे किलो तेल. पण गणितात आकडा धरला गेला जुन्या मापाचा, पौंडाचा. बावीस हजार तीनशे पौंड म्हणजे किलोच्या निम्म्याहून कमी. जमिनीपासून बारा किलोमीटर उंचावर विमानाचं तेल संपलं आणि दोन्ही इंजिनं बंद पडली. आत एकोणसत्तर माणसं होती. पायलटनं विमान घारीसारखं तरंगत खाली आणलं आणि गिम्ली गावाजवळच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. सगळे वाचले. त्या दिवशी काटा नव्हता, पट्टी बरोबर होती, आकडाही बरोबर होता, पण आकड्यापुढचं माप चुकलं होतं. हिशेबाच्या वहीत नुसतं ‘पंधरा’ लिहू नका, पंधरा लिटर की पंधराशे रुपये ते लिहा, असं आम्ही गटाच्या सचिवताईंना सांगतो ते यासाठीच.

आता पहिल्या कोड्याकडं येऊ. पस्तीसच्या टाकीत अडतीस कसं बसतं?

गाडीच्या पुस्तकात लिहिलेली टाकी ही सपाट पायली असते. कंपनी जाणूनबुजून टाकीत थोडी जागा मोकळी धरते. पेट्रोल उन्हानं फुगतं. दहा अंशांनी तापमान वाढलं तर शंभर लिटरांचे साधारण एकशेएक लिटर होतात. आपल्याकडच्या मे महिन्यात पंपाखालच्या गार टाकीतलं पेट्रोल गाडीत येऊन उन्हात तापतं, तेव्हा फुगलेल्या तेलाला आणि त्याच्या वाफेला जागा लागते. ती मोकळी जागा आणि झाकणापासून टाकीपर्यंत जाणारी नळी, ही टाकीची शीग. पंपावरचा माणूस हळूहळू, गाडी हलवत, काठापर्यंत भरत गेला, तर या शीगेत दोन-चार लिटर सहज जातात. शिवाय काटा तळाशी आला तरी टाकीत थोडं तेल असतंच. म्हणून पुस्तकातल्या आकड्यापेक्षा जास्त तेल बसलं, एवढ्यावरून पंपवाल्यानं लुबाडलं असं ठरत नाही. आणि कमी बसलं म्हणून तो साव आहे, असंही ठरत नाही. टाकी हे मोजायचं माप नाही. ते साठवायचं भांडं आहे. आपण रांजणाला कधी माप म्हणतो का?

पण शीग लावून भरणं गाडीच्या भल्याचं नाही. पंपाच्या नळीच्या टोकाजवळ एक बारीक भोक असतं. टाकी भरत आली आणि तेल त्या भोकापर्यंत पोचलं की हवा अडते आणि नळी आपोआप ‘खट्’ करून बंद होते. त्या पहिल्या खट् ला थांबायचं. त्यानंतर घातलेलं तेल फुगायच्या जागेत जातं, सांडतं, वाफ होऊन उडतं. ते आपल्याच पैशाचं असतं. हिशेबासाठीही हे बरं, कारण दर वेळी पहिल्या खट् ला थांबलं तर दर वेळी टाकी साधारण एकाच खुणेपर्यंत भरते.

आता दुसरं कोडं, काट्याचं. टाकीच्या आत एका दांडीच्या टोकाला फ्लोट असतो, पाण्यावर तरंगणाऱ्या भोपळ्यासारखा. तेल कमी झालं की तो खाली येतो, दांडी हलते, आणि त्याप्रमाणे विजेचा प्रवाह कमीजास्त होऊन समोरचा काटा फिरतो. म्हणजे काटा लिटर मोजत नाही, तो फ्लोटची उंची सांगतो. आणि टाकी काही घागरीसारखी गोल किंवा डब्यासारखी चौकोनी नसते. गाडीच्या पोटात जिथं जागा मिळाली तिथं वाकवून बसवलेली असते, वर रुंद आणि खाली निमुळती, मध्ये खाच. रुंद भागात एक बोट तेल म्हणजे बरेच लिटर, निमुळत्या भागात तेच एक बोट म्हणजे थोडं तेल. त्यात टाकी भरली की फ्लोट वर टेकून बसतो. त्याच्याही वर तेल असतं, पण तो आणखी वर जाणार कुठं? ते वरचं तेल जळेपर्यंत काटा हलत नाही. म्हणून पहिले साठ-सत्तर किलोमीटर काटा जागचा हलत नाही, आणि अर्ध्याच्या खाली घसरल्यासारखा उतरतो. अर्धा काटा म्हणजे अर्धी टाकी नव्हे.

चढ-उताराचंही तसंच. धारूरच्या घाटात किंवा मांजरसुंब्याच्या घाटात गाडी तिरकी झाली की टाकीतलं तेल एका बाजूला जातं आणि काटा वर नाहीतर खाली सरकतो. सपाटीला आलं की परत जागेवर. ताटातली आमटी तिरकी झाली म्हणून आमटी वाढत नाही. काटा बघायचा तर गाडी सपाट जागी उभी करून, थोडं थांबून बघावा.

आणि काटा पार तळाला नेऊ नये. पेट्रोलच्या नव्या गाड्यांत तेल ढकलणारा पंप टाकीतच, तेलात बुडालेला असतो आणि त्या तेलानंच गार राहतो. तेल संपत आलं की तो तापतो आणि लवकर जातो. डिझेलची गाडी कोरडी पडली तर नळ्यांत हवा शिरते, मग नुसतं डिझेल घालून ती चालू होत नाही, हवा काढावी लागते. रात्रीच्या वेळी बाळंतीण गाडीत असताना हा खोळंबा जिवावर बेतू शकतो. गावात ज्या गाडीवर दवाखान्याची भिस्त आहे, तिची टाकी पाव भागाच्या खाली जाऊ द्यायची नाही, असा ठराव ग्रामसंघानं करायला हरकत नाही.

हे सगळं आम्ही एवढं खोलात का सांगतो आहोत? कारण काट्यावरून माणसं तुटतात. आमच्या भागातल्या एका गटानं माल वाहायला गाडी घेतली. चालवायला गावातलाच एक गरीब पोरगा ठेवला. दर आठवड्याला अध्यक्षताई काटा बघायच्या. सोमवारी फुल्ल, मंगळवारीही फुल्ल, बुधवारी एकदम अर्ध्यावर आणि गुरुवारी तळाला. बुधवारी रात्री पोरगा डिझेल काढून विकतो, अशी कुजबूज सुरू झाली. पोराची आई त्याच गटात. तिनं बैठकीला यायचं सोडलं. ती म्हणायची, “माझ्या लेकरानं भाकरीचा तुकडा कधी चोरला नाही, तेल काय चोरील?” बाकीच्या म्हणायच्या, “काटा खोटं बोलतो का?”

मग गटानं एक महिना वहीनं मोजायचं ठरवलं. टाकी पहिल्या खट् पर्यंत भरली आणि किलोमीटरचा आकडा लिहिला, एक्केचाळीस हजार दोनशे. चार दिवस गाडी चालली. पुन्हा त्याच पंपावर, पहिल्या खट् पर्यंत भरली. डिझेल बसलं बत्तीस लिटर, आकडा आला एक्केचाळीस हजार सहाशे चाळीस. गाडी चालली चारशे चाळीस किलोमीटर. चारशे चाळीसला बत्तीसनं भागलं, लिटरमागं पावणेचौदा किलोमीटर झाले. असं चार वेळा केलं. चारही वेळा आकडा तेरा ते चौदाच्या आसपास आला. माल भरलेल्या गाडीला एवढं लागणारच. चोरी असती तर एखाद्या आठवड्यात आकडा दहाच्या खाली आला असता. आई पुन्हा बैठकीला यायला लागली आणि हिशेबाची वही आता पोरगा स्वतः पुढं करतो. काट्यानं जे मोडलं होतं ते मापानं सांधलं.

याचा अर्थ चोरी कधीच होत नाही असा नाही. पेट्रोल पंपाच्या यंत्रातही लबाडी होऊ शकते. २०१७ साली ठाणे पोलिसांनी राज्यातल्या अनेक पंपांवर छापे घातले, तेव्हा यंत्रात चिप बसवून कमी तेल देण्याचे प्रकार उघडकीला आले. पडद्यावर पाच लिटर, टाकीत त्याहून कमी. ही सावकाराचीच पायली, नुसती विजेवर चालणारी. दोनशेऐवजी दोनशे दहा रुपयांचं तेल मागितलं की चोरी होत नाही, असं लोक म्हणतात. तसं काही नाही. आकडा बदलल्यानं माप सुधारत नाही. माप सुधारतं ते मापानं तपासल्यावर.

आणि तो हक्क आपल्याला कायद्यानं दिला आहे. आज २००९ चा वैध मापन कायदा लागू आहे. पंपाचं यंत्र दर वर्षी वैध मापन विभागाच्या निरीक्षकानं तपासून त्याला सील लावायचं असतं. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं तपासलेलं माप ठेवावं लागतं. आपल्याला शंका आली तर “पाच लिटरच्या मापात मोजून दाखवा” असं कुणीही, अगदी अर्ध्या लिटरची गिऱ्हाईक असलेली बाईसुद्धा म्हणू शकते. पाच लिटरला पंचवीस मिलीलिटरपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे चहाचे पाच लहान चमचे. त्याहून कमी भरलं तर तक्रार करायची. ग्राहकांसाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. तेल भरताना गाडीतून खाली उतरा, पडद्यावर शून्य आहे का बघा, नळी मध्येच थांबली तर का थांबली ते विचारा आणि पावती घ्या. पावतीशिवाय तक्रार म्हणजे साक्षीदाराशिवाय खटला.

शेवटी एक गोष्ट आपल्या जिल्ह्याची. काटा हा शब्द आपल्याला पेट्रोलपेक्षा उसामुळं जास्त ठाऊक. आपल्याकडचे कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, सहा-सहा महिने गाव सोडून ऊस तोडतात आणि त्यांची मजुरी टनावर ठरते. तो टन ठरवतो कारखान्याचा वजनकाटा. काटामारी हा शब्द आपल्या बोलण्यात आहे तो उगीच नाही. तो वजनकाटाही याच वैध मापन कायद्याखाली येतो, त्याचीही तपासणी आणि सील असतं. पंपावर जी बाई धीटपणे पाच लिटरचं माप मागायला शिकली, ती उद्या टोळीच्या मुकादमाला काट्याची पावतीही मागेल. मापाचं धाडस एकदा अंगात आलं की ते टाकीपाशी थांबत नाही.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. ज्या गटाकडं गाडी आहे त्यांनी एक वही घालावी. तिच्यात पाच रकाने आखा: तारीख, किलोमीटरचा आकडा, लिटर, रुपये आणि पावती नंबर. ज्यांच्याकडं गाडी नाही, त्यांनी भाड्यानं गाडी ठरवताना लिटरमागं किती किलोमीटर धरले ते विचारावं. आणि घरातल्या म्हाताऱ्या बायांना त्यांच्या वेळची पायली, अधोली आणि शीग विचारून लिहून ठेवा. ते माप आता बाजारात नाही, पण ते विसरलं तर त्यातली शहाणीव पण जाईल. पुढच्या भागात वहीतले तुमचे आकडे आम्हाला कळवा, आपण ते एकत्र वाचू.